आईला सिंधू दाखवायची आहे; गाडीने लडाखला न्यावे का?

प्रश्न : माझे वय ५३ वर्षे. कऱ्हाडजवळच्या गावात आमचे शेतीच्या अवजारांचे दुकान आहे. १९९५ साली, महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला असताना, मी आणि माझ्या एका मित्राने मोटारसायकलवरून मनालीमार्गे लेहला जाण्याचा बेत पक्का केला होता. पैसेही जमवले होते. पण त्याच उन्हाळ्यात वडील आजारी पडले आणि दुकान माझ्या अंगावर आले. पुढे बहिणींची लग्ने, घराचे बांधकाम, मुलांची शिक्षणे यांत तीस वर्षे गेली. तेव्हा विकत घेतलेला नकाशा मात्र अजून गल्ल्यात आहे. घड्यांवर तो फाटला आहे, तरी मनालीपासून लेहपर्यंत ओढलेली लाल पेन्सिलीची रेघ स्पष्ट दिसते. आता मुलगा १९ वर्षांचा असून तो गाडी चालवतो, मुलगी ११ वर्षांची आहे आणि स्वतःची सात आसनांची गाडी दारात उभी आहे. प्रश्न आईचा आहे. तिचे वय ७१ आहे, तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी प्रकृती ठणठणीत आहे. मेहुणे म्हणतात, मनालीमार्गेच जा, खरा थरार तिकडेच आहे. थोरली बहीण म्हणते, या वयात आईला तिकडे नेणे म्हणजे जिवाशी खेळ, तिला माझ्याकडे ठेवून जा. आई म्हणते, “जन्मभर आंघोळीच्या वेळी सिंधूचं नाव घेतलं, एकदा डोळ्यांनी बघू दे.” पत्नीचा विरोध नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : आईंना घेऊन जा. त्यांच्या डॉक्टरांनी तपासून होकार दिला, तर वय हे एकटे कारण त्यांना घरी ठेवायला पुरेसे नाही. मात्र त्या गाडीत असतील तर रस्ता, मुक्काम आणि दिवसांचा हिशेब त्यांच्या श्वासावरून ठरवावा लागेल. तुमच्या लाल रेघेचीही दिशा त्यासाठी बदलावी लागेल. जाताना श्रीनगरमार्गे जावे आणि मनालीचा रस्ता परतीसाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण उंचीत आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही थोडे खाली आहे. तिथून सोनमर्ग सुमारे २,७०० मीटर, मग ३,५०० मीटरची झोजी ला ही खिंड ओलांडून द्रासमार्गे कारगिल पुन्हा सुमारे २,७०० मीटर, त्यापुढे आल्ची सुमारे ३,१०० मीटर आणि शेवटी लेह सुमारे ३,५०० मीटर, अशी ही चढण आहे. अंतर जेमतेम सव्वाचारशे किलोमीटरचे आहे, पण ते दोन दिवसांत उरकण्याऐवजी सोनमर्ग, कारगिल आणि आल्ची येथे एकेक मुक्काम करत गेलात तर शरीराला विरळ हवेची सवय होण्यास अवधी मिळतो. दिवसा किती उंच खिंड ओलांडली यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो, याला अधिक महत्त्व असते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा जाणकारांचा सर्वसाधारण दंडक आहे आणि श्रीनगरचा रस्ता तो जणू आपणहून पाळतो. मनालीकडून चढताना हे जमत नाही. तिथे जिस्पाचा मुक्काम ३,२०० मीटरवर असतो आणि पुढच्या रात्री बहुतेक लोक सरचूच्या तंबूत जवळजवळ ४,३०० मीटरवर झोपतात, किंबहुना झोपण्याचा प्रयत्न करतात. सरचूत रात्रभर डोके धरून बसलेली धडधाकट माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

श्रीनगरच्या रस्त्याचा आणखी एक मोठा गुण तुमच्या आईंच्या दृष्टीने आहे. सिंधू लेहच्या आधीच भेटते. फोतू ला ही या रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड, सुमारे ४,१०० मीटरची. ती ओलांडून लामायुरूवरून खाली उतरले की खाल्त्सेपाशी रस्ता सिंधूच्या काठाला लागतो आणि मग लेहपर्यंत तिची सोबत राहते. आल्चीला मुक्काम केलात तर सकाळी घाईगर्दी नसताना आईंना नदीपाशी नेता येईल. तेथील विहारातील सुमारे आठशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रेही सावकाश पाहता येतील. सोनमर्गलाही सिंध नावाची नदी लागते. ती झेलमला मिळणारी वेगळी नदी आहे. उत्साहाच्या भरात आईंना तीच सिंधू म्हणून दाखवू नका, कारण ज्या नदीचे नाव त्यांनी जन्मभर घेतले ती त्यांना खरीच दिसायला हवी.

आता प्रकृतीविषयी. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही दोनतृतीयांशच मिळतो. फोतू लाच्या माथ्यावर पोहोचलात की घरून नेलेली चिवड्याची बंद पाकिटे एकदा मुलीच्या हातात द्या. ती उशीसारखी टम्म फुगलेली असतील. बाहेरचा दाब कमी झाला की काय होते, हे तिला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या पाकिटावरून लवकर कळेल. आईंची रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकवू नये आणि रक्तदाब मोजण्याचे घरचे यंत्र बरोबर ठेवावे, कारण उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब वाढू शकतो. उंचीच्या त्रासावर आधीपासून घेण्याची ॲसिटाझोलामाइड ही गोळी अनेकांना दिली जाते. पण आईंच्या चालू औषधांबरोबर ती चालेल का, सल्फा औषधांची ॲलर्जी आहे का, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून ती कोणालाही देऊ नये.

मला आईंइतकीच, कदाचित थोडी अधिक, काळजी तुमच्या मुलाची वाटते. उंचीचा त्रास वय किंवा दमसास पाहून होत नाही. रोज पाच किलोमीटर धावणाऱ्या तरुणालाही तो होतो आणि तरुण मुले तो लपवतात. आई सांगेल की डोके जड झाले आहे. मुलगा गॉगल लावून गाडी चालवत राहील. म्हणून निघण्यापूर्वी घरात एक नियम सर्वांसमोर ठरवा. डोके दुखते, मळमळते किंवा जेवण जात नाही असे कोणीही म्हणाले, तर त्या दिवशी आणखी वर जायचे नाही आणि त्याला कोणी नावे ठेवायची नाहीत. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर तो धोक्याचा इशारा समजून रात्र असली तरी खाली उतरायचे आणि वाटेत मिळेल तिथे वैद्यकीय मदत घ्यायची. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे आणि असे रुग्ण तिथे नित्याचे आहेत.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते, त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही विमानाने लेहला उतरलो आणि ज्यांच्याकडे सहल नोंदवली होती त्यांनी आखून दिल्याप्रमाणे तिसऱ्याच दिवशी पँगाँग सरोवराच्या काठी मुक्कामाला गेलो. ती जागा सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. रात्री माझी दहा वर्षांची मुलगी उलट्या करू लागली. मला वाटले, दुपारचे खाणे बाधले असेल. पहाटे ती हाक मारली तरी नीट ओ देईना, तेव्हा मी घाबरले. त्यानंतर जे कळले ते मला आधी कोणी सांगितले नव्हते. पँगाँगहून लेहला उतरायचे तर आधी ५,३०० मीटरहून उंच चांग ला चढून जावे लागते, म्हणजे खाली येण्याची वाट आधी वर जाते. जवळच्या लष्करी ठाण्यातील जवानांनी तिला प्राणवायू दिला आणि उजाडल्यावर ती वाटेला लावण्याजोगी झाली. त्या रात्रीचे उपकार मी विसरणार नाही आणि माझे दुर्लक्षही विसरणार नाही.

म्हणून लेहमध्ये पोहोचल्यावर पहिले दोन दिवस कोणताही बेत ठेवू नका. त्यानंतर आईंना घेऊन नुब्रा खोऱ्यात जावे. वाटेत खारदुंग ला लागते, ती सुमारे ५,३६० मीटर उंच आहे; तिथे छायाचित्रासाठी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. पण पलीकडचे दिस्कित सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली असल्याने तेथील मुक्काम आईंना सोसेल. हुंदरच्या वाळूत दोन कुबडांचे उंट आहेत, ते मुलीला आवडतील. पँगाँगचा मुक्काम सर्वांनीच टाळावा. फारच ओढ असेल तर तुम्ही आणि मुलांनी एका दिवसात जाऊन यावे, आणि तेही लेहमध्ये पाच-सहा दिवस काढल्यानंतरच. सीमेलगतच्या या भागांसाठी लागणारी परवानगी आणि शुल्क यांचे त्या वेळचे नियम लेहमध्ये पोहोचताच विचारून घ्यावेत.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मात्र मला खटकले. आईंची इच्छा तुम्ही लिहिलीत, मेहुण्यांचे आणि बहिणीचे मत लिहिलेत, आणि पत्नीविषयी एवढेच, की त्यांचा विरोध नाही. ज्या तीस वर्षांत तुमचा नकाशा गल्ल्यात राहिला, त्यांतली बरीच वर्षे त्यांनीही त्याच घरासाठी दिली आहेत. त्यांना या प्रवासात काय हवे आहे, हे एकदा निवांत बसून विचारा. आईंची औषधे, मुलीचे कपडे आणि सर्वांचे डबे ही कामे तिथेही त्यांच्याच वाट्याला येणार असतील, तर ही त्यांची सहल होणार नाही. औषधांची पिशवी मुलाकडे द्या आणि स्वयंपाकाचे सामान नेऊच नका. लेहच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, कुकरवाचून डाळ शिजत नाही. जिथे राहाल तिथेच जेवा.

परतीसाठी माझी सूचना अशी. कऱ्हाडपासून श्रीनगर हेच दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे. इतका प्रवास आईंना गाडीतून जाताना आणि येताना घडवू नये. जाताना आई, पत्नी आणि मुलगी यांना पुण्याहून रेल्वेने जम्मूपर्यंत पाठवता येईल. जून २०२५ पासून जम्मूजवळच्या कटऱ्याहून चिनाब पुलावरून थेट श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे, त्यामुळे पुढचाही घाट टळेल. परतताना त्यांनी लेहहून विमानाने दिल्लीला यावे आणि तुम्ही दोघे बापलेक गाडी घेऊन मनालीच्या वाटेला लागावे. पत्नीला तुमच्याबरोबर त्या रस्त्याने यायचे असेल, तर मुलाने आजी आणि बहिणीला घेऊन विमानाने जावे; हा निर्णय तुमच्या घरात व्हावा. तोवर शरीराला उंचीची सवय झालेली असेल. तांगलांग ला आणि बारालाचा ला यांसारख्या खिंडी आणि ‘गाटा लूप्स’ या घाटाची २१ वळणे तुम्हाला मनापासून अनुभवता येतील. सरचूला न थांबता जिस्पापर्यंत उतरता येईल. शेवटी ९ किलोमीटरचा अटल बोगदा लागतो. तो २०२० साली खुला झाला, त्यामुळे तुमच्या नकाशावर तो नाही.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा निवडा. हिमाचलातील दरडींचा जोर तोवर ओसरतो आणि रस्त्यावर येणारे ओढेही उतरलेले असतात. गणपती कधी आहेत ते पाहून तारखा ठरवाव्यात आणि मुलीच्या शाळेला आत्ताच कळवावे. काश्मीरमधील परिस्थितीची चौकशी निघण्याच्या आठवड्यात पुन्हा करावी. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड मोबाइल तिथे चालत नाहीत, म्हणून निदान दोघांकडे पोस्टपेड क्रमांक असावा.

प्रश्न : आम्ही फोंड्याचे. मला आणि पतीला मिळून सहाच दिवसांची रजा मिळते. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन विमानाने लेहला जावे की नाही? इतक्या कमी दिवसांत पँगाँग, नुब्रा, हानले असे सगळे बसवून देणारी सहल आम्हाला सुचवली गेली आहे.

उत्तर : जावे, पण ती सहल घेऊ नये. समुद्रकाठच्या हवेतून एका सकाळीत ३,५०० मीटरवर उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीतच गेले पाहिजेत. फार तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात थोडे पायी फिरावे. तिसऱ्या दिवशी झंस्कार आणि सिंधू यांचा निमू येथील संगम पाहून आल्चीला मुक्काम करावा. चौथ्या दिवशी लेहला परतून पाचव्या दिवशी जवळचे शे आणि ठिकसे येथील विहार पाहावेत आणि सहाव्या दिवशी विमान गाठावे. हानले सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तेथील रात्रीचे आकाश अपूर्व आहे, परंतु ते पाहायला दहा-बारा दिवसांची सवड हवी.

लहान मुले डोके दुखते असे नेमके सांगत नाहीत. मुलगा किरकिर करू लागला, खेळेनासा झाला, आवडीचा पदार्थही नको म्हणाला, तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. तो उंचीचाच त्रास आहे असे धरून चाला आणि त्या दिवशीचा बेत रद्द करा. लेहला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मागून दुसरी पोळी खाल्ली, तर तिसऱ्या दिवशी खुशाल गाडी सांगा.