बाळाची पॉलिसी राहू द्या, आधी मशेरी

प्रश्न : पत्नीला पाचवा महिना आहे. बाळासाठी तिच्या नावाने महिना ५,००० रुपयांची युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेतली. १५ वर्षांनी ३० लाख मिळतील, असं एजंट म्हणतो. पॉलिसी दहा दिवसांपूर्वी हातात आली. चालू ठेवू की एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) करू? पत्नी मशेरी लावते. पण 'ती काय सिगारेट आहे का' म्हणत एजंटने अर्जात तंबाखूपुढे 'नाही' लिहिलं. सवय सुटावी म्हणून ६,५०० रुपयांचा काढाही आणलाय. (एक वाचक, सांगली)

उत्तर : युलिपचं पटकन उरकतो. तुम्ही भरणार ९ लाख. त्याचे ३० लाख व्हायला सलग १५ वर्षं १४ टक्के सुटले पाहिजेत. कंपनीच्या स्वतःच्या लाभपत्रकात ४ आणि ८ टक्केच धरतात. ८ टक्क्यांनी, खर्च न कापताही, साडेसतरा लाखांच्या आतच राहता. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. करा.

अर्जातलं 'नाही' तर खोटंच आहे. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखू. पहिल्या तीन वर्षांत दावा आला आणि हे उघड झालं, तर कंपनी दावा नाकारू शकते. अर्जावर सही पत्नीची आहे, एजंटची नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. मुंबईतल्या बाराशेवर गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू, तोही बहुतेक मशेरीच, वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. बाळ खासगी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावं लागलं, तर दिवसाला दहा-पंधरा हजार सहज जातात. पंधरा दिवसांचे दीड-दोन लाख, म्हणजे तुमचे तीन वर्षांचे हप्ते! कित्येक आरोग्य विम्यांत पहिले ९० दिवस बाळ धरलेलंच नसतं. तुमचा कागद आजच वाचा.

तो काढा बंद करा. त्यात काय घातलंय, हे विकणाऱ्याला तरी माहीत आहे का? १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. पत्नीने स्वतः बोलावं, तुम्ही शेजारी बसा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आणि आशाताईंना मशेरीचं स्पष्ट सांगा. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीचं समुपदेशन मिळतं का, तेही विचारा. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' असं ती म्हणेल. ते खोटं नसतं, पण त्यावर गरोदरपणात चालणारं औषध डॉक्टर देतात. निकोटिनचं च्युइंगम मात्र मनाने आणू नका. आणि सासूबाईही लावत असतील, तर त्यांचा डबा न्हाणीघरातून हलवायचं काम तुमचं.

मशेरी सुटून वाचणाऱ्या शे-दोनशे रुपयांची एसआयपी करून दाखवायचा मोह मी आवरतो. परत आलेला हप्ता आणि पुढचे चार महिन्यांचे ५,००० बाळंतपणासाठी बचत खात्यात ठेवा. एसआयपी बाळ घरी आल्यावर. घर तुमच्या पगारावर चालत असेल, तर टर्म विमा, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ जीवनविमा, तुमच्या नावाने घ्या. आणि तुम्हीही तंबाखू मळत असाल, तर अर्जात 'हो' लिहा. हप्ता बराच वाढेल, तो भरा.