आई आयुष्यभर घरातच राबली, तिच्या तेराव्याला तिच्याबद्दल काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की आई गृहिणी होती, नोकरी नाही, पुरस्कार नाही, कुठे नाव छापून आलं नाही, आणि आता तेराव्याला चार माणसांसमोर दोन शब्द बोलायचेत तर काही सुचत नाहीये. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी नेमका इथेच अडकलो होतो म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

आमचं घर दापोली तालुक्यात, केळशीच्या अलीकडे. मी पण आधी कागदावर प्रेमळ, कष्टाळू, सोशिक असंच लिहिलं आणि वाचून बघितल्यावर वाटलं की ही कोणाचीही आई झाली, माझी नाही. कागद टाकून दिला. मग बहीण माजघरातली ट्रंक आवरत होती त्यात जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा निघाला, १९९१ पासूनचा. आपल्याकडे सगळ्याच घरात दुधाचा आणि सिलेंडरचा हिशोब त्याच्यावर असतो तसा होताच, पण आई प्रत्येक तारखेच्या चौकोनात मावेल एवढं अजून काहीतरी लिहायची. गाय व्याली, पाडी. ह्यांचा दमा, रात्रभर. झापं विणून झाली ४०. माझ्या लग्नाच्या तारखेला फक्त एवढंच आहे, "३०० पान उठलं." २००५ च्या जुलैत २६ तारखेला मुंबई बुडाली तेव्हा मी अंधेरीत अडकलेलो, २६ आणि २७ चे चौकोन कोरे आहेत, दुधाचा आकडासुद्धा नाही, आणि २८ ला "फोन आला. शिरा केला." ते पान हातात घेऊन मी किती वेळ बसलो होतो मला आठवत नाही.

निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, आम्ही लॉकडाऊनमध्ये मुंबईत, गावाला लाईट नाही रेंज नाही, आई-बाबा दोघंच. त्या दिवशी तिने लिहिलंय, "वारा. पोफळी २२, माड ३, मागची कौलं. गाय बरी." दुसऱ्या दिवशी "झावळ्या ओढल्या." आणि पाऊस लागल्यावर जुलैमध्ये, "रोठ्याची रोपं ४० लावली." रोठा म्हणजे सुपारी, आणि पोफळ म्हणजे सुपारीचं झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात, तिला तेव्हा ६८ पूर्ण होती.

तर माझं म्हणणं असं की तुम्ही तिचे गुण सांगत बसू नका, तिचं वर्ष सांगा. कुठल्या महिन्यात तिचे हात कशात असायचे ते. आमच्याकडे दिवाळीआधी अंगण करायचं, म्हणजे माती टाकून चोपण्याने चोपायची आणि वर शेणाचं सारवण, ते तीच करायची. गणपतीत चाकरमानी आले की हळदीच्या पानातल्या पातोळ्या, मोदक, घावन. आणि मे महिना तर विचारू नका. त्याच महिन्यात आंबा, त्याच महिन्यात फणस, साठं म्हणजे रसाच्या पोळ्या वाळत घालायची, पापड, पावसाळ्यासाठी फाटी म्हणजे जळणाची लाकडं भरायची, घरात आम्ही सगळी मुंबईची मंडळी सुट्टीला आलेलो आणि त्यातच तिची आमसुलं. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडून बी आणि गर बाजूला काढायचा, सालं उन्हात, मग त्या रसात मीठ घालून सालं बुडवायची आणि परत वाळवायची, असं एकदा झालं की एक पुट. नुसती वाळवली तर ती आमसुलं नव्हेत म्हणायची. मध्येच आभाळ आलं की ताटं, सुपं, साड्या सगळं उचलून पडवीत आणि ऊन पडलं की परत बाहेर. बियांचंही सोडायची नाही, वाळवून कुटून उकळून कोकमतेल, त्याचे मुठीत वळलेले गोळे आम्ही टाचांच्या भेगांना लावायला मुंबईला न्यायचो आणि तिच्या स्वतःच्या टाचा कधी भरलेल्या मी बघितल्या नाहीत.

सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराचा सर्व्हे केला होता, त्यात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात जाणारा वेळ रोजचा सरासरी २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. आई पाचला उठायची, म्हणजे तिची २९९ मिनिटं सकाळी दहालाच संपत होती. आणि जनगणनेत नुसतं घरकाम करणाऱ्या बाईची गणती काम न करणाऱ्यांत होते, याचा मला आजही राग येतो. तुमच्या भाषणात हे नका घालू पण मनात असू द्या, म्हणजे "फक्त गृहिणी होती" असं तोंडातून जाणार नाही.

आणि बोलायच्या आधी शेजारच्या बायकांना विचारा. मी नाही विचारलं ते चुकलंच. मी मांडवात उभा राहून कॅलेंडरवरून सांगत होतो, आमसुलांना ती पाच पुटं द्यायची असं म्हटलं, कारण २०२२ च्या मे मध्ये "५ वं पुट" ही शेवटची नोंद होती. तर मागून काकू म्हणाल्या, "पाच नाही रे, सात. वहिनीला गेल्या वर्षी दम लागायचा म्हणून पाचावर थांबली."

दम लागायचा हे मला माहीत नव्हतं. फोनवर तर बरी आहे म्हणायची.

मी तिथेच थांबलो, पुढे बोलवेना. मग काकूच बोलल्या, मग हर्णैहून मासे आणणारी मावशी कडेला उभी होती ती म्हणाली, "वहिनीने चाय पाजल्याबिगर माझी पाटी कधी उचलू दिली नाय." मग अजून एक, अजून एक. मी कागद खिशात ठेवून खाली बसलो. शेवटी कोणीतरी विचारलं यंदा रातांबे कोण फोडणार, तेव्हा माझी बहीण म्हणाली मी येते मे मध्ये, पण काकू, मीठ किती घालायचं ते आत्ताच सांगून ठेवा.