दुकानाची वेबसाइट घरच्या जुन्या पीसीवर ठेवावी की होस्टिंग विकत घ्यावं?

दुकानाची असेल तर होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायला दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याची जागा, घ्या. शिकायची हौस असेल तर घरी जरूर करा, मजा येते.

फुकट वाटतं ते फुकट नसतं. जुना डेस्कटॉप साधारण ८० वॉट खातो असं धरलं, तर चोवीस तास चालू ठेवल्यावर महिन्याला ५७-५८ युनिट होतात. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा. साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट) बहुधा त्याहून स्वस्त पडेल. रास्पबेरी पाय या छोट्याशा, कमी वीज खाणाऱ्या कॉम्प्युटरवर मात्र हाच आकडा ४-५ युनिटांवर येतो.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे बरेच ब्रॉडबँडवाले अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी (ब्रॉडबँडवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने घरातल्या पीसीकडे पाठवणं) करून काही उपयोग नाही, बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. (मी यात एक अख्खा रविवार घालवला आणि उगाच राउटरला शिव्या दिल्या.) मग स्टॅटिक आयपीचे (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) जादा पैसे भरा, किंवा क्लाउडफ्लेअर कंपनीची टनेल ही सेवा वापरा. टनेलमध्ये कनेक्शन घरातून बाहेर क्लाउडफ्लेअरकडे जातं आणि वेबसाइट बघणारे त्यातूनच येतात, त्यामुळे पोर्ट उघडावा लागत नाही.

शिवाय लाइट गेली की दुकान बंद. इन्व्हर्टर असला तरी राउटर आणि फायबरचा डबा त्यावर जोडलाय का, ते तपासा. अपडेट, बॅकअप, सुरक्षा हेही तुमच्याच गळ्यात.

नुसती माहिती, फोटो आणि पत्ता द्यायचा असेल तर स्टॅटिक पानं (सगळ्यांना तशीच दिसणारी तयार पानं) करून गिटहब पेजेससारख्या फुकट जागी ठेवा, खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा.