वडील लकव्याने अंथरुणाला खिळलेत, सरकार ज्येष्ठांच्या सेवा सुधारून राहिलंय म्हणतात, तर नागपुरात आम्हाला नक्की काय मिळेल?

वडील ७२ चे, उजवी बाजू गेलेली आणि घरात कमावणारे तुम्ही एकटेच असं तुम्ही लिहिलंय, त्याच हिशोबाने सांगते. मी मानेवाड्याला राहते, माझ्या सासूबाई लकव्यानेच बेडवर आहेत, त्यामुळे हे सगळे कागद माझ्या हातून गेलेले आहेत.

सगळ्यात आधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, ७० पूर्ण झालेल्या कोणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही, आधार कार्डावर होतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज. पण हे भरती केल्यावर कामाचं. घरी आणलं की डायपर, एअर बेड, फिजिओ सगळं तुमच्याच खिशातून.

मग श्रावणबाळ योजना, म्हणजे गरीब ज्येष्ठांना दर महिन्याला मिळणारं अनुदान. १००० चे १५०० झाले २०२३ मध्ये, आता पैसे सरळ आधार लिंक खात्यात येतात, ही सुधारणा खरंच चांगली झाली. पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला १७५०, आता सांगा घरातला एक पोरगा नुसता मिस्त्रीच्या हाताखाली गेला तरी तेवढे चार दिवसात होतात न! रक्कम वाढवली तशी ही मर्यादा का वाढवत नाही, मला खरंच राग येतो याचा. तुमचा पगार असेल तर तुमचं यात बसणार नाही, उगाच "करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. दिव्यांग प्रमाणपत्र मात्र काढून ठेवा, ऑनलाइन अर्ज करून मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी दवाखान्यांत तपासणी होते. श्रावणबाळमधल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झालंय, पुढेमागे नियम बदलले तर कागद तयार असलेला बरा. मुख्यमंत्री वयोश्रीचे ३००० एकदाच मिळतात, व्हीलचेअर, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी, तिथे मर्यादा २ लाख आहे, ते बघा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. या सगळ्यात पैसा आहे, कार्ड आहे, वस्तू आहेत, पण पेशंटला उचलून बसवणारं माणूस कोणत्याच योजनेत नाही. लकव्याच्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाजवळची कातडी आधी लाल होते, मग काळी पडते आणि मग जखम आत आत जाते. आमच्याकडे अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली पोरगी सासूबाईंना खालून धरून ओढायची, त्या घासण्यानेच त्यांची कातडी सोलून निघाली. त्या पोरीला मी दोष देत नाही, तिला कोणी शिकवलंच नव्हतं, बारा तासांची ड्युटी आणि निम्मे पैसे ब्युरोवालाच कापून घ्यायचा. असल्या ब्युरोंवर देखरेख कोणाची? २०१९ मध्ये केंद्राने ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं होतं, त्यात घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायची गोष्ट होती, मुलांकडून मिळणाऱ्या पोटगीची १० हजारांची मर्यादाही काढणार होते. पण ते पासच झालं नाही. तिकडे केरळने २००८ मध्येच अशा पेशंटना घरी जाऊन सेवा द्यायचं धोरण केलं, पंचायतीकडून नर्स घरोघरी जातात, जखम साफ करतात, कॅथेटर बदलतात, घरच्यांना शिकवतात. आपल्या मनपाला वॉर्डावॉर्डात हे का जमू नये? दवाखाने आहेत, आशाताई आहेत, घरी जाणारी शिकलेली माणसं तेवढी नेमा. सुधारणा करायचीच तर ती इथून करा असं मी येईल त्या नगरसेवकाला सांगते, तुम्हीही सांगा.

तोवर एक करा. डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरकडून कूस बदलणं आणि नळीतून भरवणं स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या, नुसतं बघून नाही येत ते. आणि अटेंडंट ठेवला तर पहिल्या दिवशी त्याला समोर उभं राहून करायला लावा. कुठे अडलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, फोन फुकट आहे.