'लस घेतली, तरी टायटर आलंच नाही'

डायलिसिसच्या तिसऱ्या पाळीतले काका त्या दिवशी मशीनवर झोपायलाच तयार नव्हते. बावन्न वर्षांचे, उभी हयात चादरीच्या मागावर गेलेली, सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला घर. काकू माझ्यासमोर रिपोर्ट धरून उभ्या. "मॅडम, ह्यांना पांढरी कावीळ झाली का हो? लस तर पूर्ण घेतली की."

रिपोर्टवर दोन ओळी होत्या. पहिली ओळ हिपॅटायटिस बी, म्हणजे पांढरी कावीळ, आहे का, याची, तिथे 'निगेटिव्ह'. दुसरी ओळ लशीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची, म्हणजे टायटरची, तिथे 4. निदान 10 हवेत. पहिल्या ओळीतलं 'निगेटिव्ह' चांगलं आणि दुसरीतला कमी आकडा काळजीचा, हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या कुणीतरी वाचून 'कावीळ निघाली' असं सांगितलं होतं आणि दोन दिवस काकांचं ताट-तांब्या वेगळा झाला होता. तो आधी एकत्र करायला सांगितला. कावीळ नव्हती, आणि असती तरी हा विषाणू ताटातून पसरत नाही, रक्तातून पसरतो.

काका मात्र गप्प होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझ्या अंगातच आता काय राहिलं नाही बघा. लस पण लागू होईना."

हे वाक्य मी फार ऐकते. डायलिसिसवाल्यांकडून, किडनी बदललेल्यांकडून, केमो चालू असलेल्यांकडून. लस 'न लागणं' त्यांना शरीराने दिलेला नकार वाटतो, म्हणून मी आधी आकड्यावर बोलत नाही. काकांना जकार्डच्या मागाबद्दल विचारलं. नक्षी बरोबर लावली, पण सुताचा ताण ढिला असेल तर? "मग नक्षी उठत नाही," ते लगेच म्हणाले. लस नक्षी दाखवते, विणायचं काम शरीरातल्या पेशींचं. किडनी थकली की रक्तात साचणाऱ्या घाणीने त्या पेशी मंदावतात, शिकायला त्यांना जास्त वेळ आणि जास्त धडे लागतात. म्हणूनच निरोगी प्रौढाला 20 मायक्रोग्रॅमचे तीन डोस देतात, तर डायलिसिसवाल्याला त्याच लशीचा दुप्पट, 40 चा डोस, चार वेळा: आज, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात.

मग जुनं कार्ड मागितलं. पूर्वी दुसऱ्या एका केंद्रात घेतलेले तीन डोस, साधे, 20 चे. "इंजेक्शन कुठे दिलं?" काका थोडे ओशाळले. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी, त्यामुळे तो हात वर्ज्य; उजवा दुखला तर काम कसं करणार, म्हणून त्यांनीच कमरेत मागितलं होतं. कमरेच्या चरबीत ही लस नीट लागत नाही, ती दंडाच्या स्नायूतच द्यावी लागते. "म्हणजे माझीच चूक," ते म्हणाले. नाही. हाताची भीती त्यांनी बोलून दाखवली होती; टोचणाऱ्याने तेव्हा दोन मिनिटं थांबून समजावायला हवं होतं. याचा मला आजही राग येतो.

काकूंचा प्रश्न वेगळा होता. एवढ्या अशक्त माणसाला पुन्हा लस दिली आणि त्यातूनच रोग लागला तर? ही भीती सरसकट चुकीची नाही. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, पीतज्वर यांच्या लशींत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणाऱ्याला त्या टाळतात. हिपॅटायटिस बीच्या लशीत विषाणू नसतोच, त्याच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन तेवढं असतं. त्यातून कावीळ होऊच शकत नाही.

आणि थांबायलाही वेळ नव्हता, कारण काकू स्वतः किडनी देणार होत्या, तपासण्या चालू होत्या. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की लशीचा प्रतिसाद आणखी घटतो. 2021 मध्ये अमेरिकेत अवयव बदललेल्या 658 जणांना कोविडच्या एमआरएनए लशीचे दोन डोस दिल्यावरही 54 टक्क्यांमध्येच प्रतिपिंडं दिसली. म्हणून जेवढं होईल तेवढं लसीकरण आधीच उरकायचं. कांजिण्यांसारखी जिवंत लस लागणार असेल, तर ती प्रत्यारोपणाच्या निदान चार आठवडे आधी, डॉक्टरांना विचारून.

तोवर काय? हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान 7 दिवस टिकतो. त्यामुळे काकांची महिन्याला तपासणी ठरली. घरातल्यांनीही लस घ्यायची, रेझर कुणाचा कुणी वापरायचा नाही. काकूंनी आणि मुलाने त्याच आठवड्यात पहिला डोस घेतला.

काकांचे डोस जूनमध्ये सुरू झाले, शेवटचा डिसेंबरमध्ये, चारही उजव्या दंडात. दुसऱ्या डोसनंतर दंड दोन दिवस दुखला, तेवढे दिवस मुलगा मागावर बसला. जानेवारीच्या शेवटी, गड्ड्याची यात्रा अजून भरलेली असताना, टायटर आलं: 61. काकूंनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. हा आकडा वर्षभरात उतरूही शकतो, 10 च्या खाली गेला तर बूस्टर द्यावा लागेल, हे मी त्याच दिवशी सांगितलं. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या जानेवारीची तारीख मुलाकडून लिहून घेतली.