‘माझी वेळ निघून गेली का, ताई?’

खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी पिशवीतून बायबल काढलं. खूण घातलेलं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. इब्री लोकांस पत्र, अध्याय 12, वचन 17.

“वाचा,” म्हणाले.

मी वाचलं. एका वेळच्या जेवणासाठी एसावाने ज्येष्ठपणाचा हक्क विकला. पुढे आशीर्वाद हवासा झाला तेव्हा त्याला नाकारण्यात आलं. रडून शोध केला तरी पश्चात्तापाला वाव राहिला नाही.

“हे माझं झालंय, ताई. एसाव निदान रडला तरी. मला रडूसुद्धा येत नाही. देवानं मला बोलवायचं बंद केलंय.”

मिरजेत चर्चला लागून असलेल्या एका खोलीत मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्याच्या आसपास मराठी ख्रिस्ती कुटुंबं वाढली. आजोबा वॉर्डबॉय, आजी नर्स, नातू पुण्यात आयटीत, अशी घरं इथे गल्लोगल्ली सापडतात. माझ्याकडे येतात ते नवराबायकोच्या कुरबुरी, मुलांचे मोबाइल, दारू, असली नेहमीची दुखणी घेऊन. पण ‘माझ्यासाठी आता दार बंद झालंय’ ही भीती घेऊन येणारे मी मोजायचं कधीच सोडलं. बहुतेक साठीच्या पुढचे असतात आणि बहुतेकांनी आदल्या महिन्यात दवाखाना पाहिलेला असतो.

यांनीही पाहिला होता. त्यांना आपण काका म्हणू. (परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) वय 63, सरकारी नोकरीतून निवृत्त, सांगलीत पूरपट्ट्यात स्वतःचं घर, मंडळीत (चर्चच्या सभासदांत) दोनदा ‘वडील’, म्हणजे कारभारी, म्हणून निवडून आलेले. दोन महिन्यांपूर्वी छातीत कळ आली आणि दोन स्टेंट पडले. तेव्हापासून पहाटे 3 ला जाग यायची ती सकाळपर्यंत.

अशा वेळी मी लगेच शास्त्राला हात घालत नाही. आधी झोप, भूक, औषधं विचारली. हृदयविकारानंतर खूप जणांना नैराश्य येतं आणि भाविक माणसाचं नैराश्य पुष्कळदा पापाची भाषा बोलतं. मरून जावं असं वाटतं का, हेही सरळ विचारलं. “मरायचीच तर भीती वाटते,” म्हणाले. तरी सांगलीतल्या मानसोपचार डॉक्टरांना चिठ्ठी दिली. प्रार्थना करणारी माणसं गोळ्या घ्यायला का कचरतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. काकांनी घेतल्या. झोप सुधारली, पण वचन 17 जागचं हललं नाही. तेव्हा कळलं, दुखणं झोपेच्या खाली आहे.

“देवानं बोलवायचं बंद केलं म्हणता. शेवटचं कधी बोलावलं होतं?”

ते एकोणीस वर्षांचे असतानाची एक संजीवन सभा, म्हणजे विश्वास जागवायला भरवलेली प्रार्थनासभा, सांगू लागले. मांडव, पेट्रोमॅक्स, पुढे या म्हणणारा उपदेशक. हे उठले नाहीत. मित्र हसतील म्हणून. “तेव्हा गेलो असतो तर…”

“ते पहिलं. मी शेवटचं विचारलं.”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “2019 चा पूर.”

सांगलीकराला त्या ऑगस्टबद्दल वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. काका बायकोला घेऊन वरच्या मजल्यावर, खाली जिन्याच्या सात पायऱ्या बुडालेल्या, मोबाइलची बॅटरी शेवटच्या रेघेवर. तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून आक्काचा, सख्ख्या थोरल्या बहिणीचा. अठरा वर्षांनी.

“काय म्हणाल्या?”

“वर चढलास का रे, एवढंच. खायला हाय का विचारलं.”

“तुम्ही?”

“म्हटलं, चार्जिंग नाही, नंतर बोलतो.”

ते ‘नंतर’ अजून आलेलं नव्हतं.

हळूहळू बाकीचं आलं. 1996 साली वडील गेले. मृत्युपत्र नव्हतं, आई आधीच गेलेली. घर आणि मागची दीड गुंठा जागा दोघा भावंडांची. हिंदू घरांत मुलीच्या वाट्यावरून 2005 मध्ये कायदा बदलेपर्यंत, आणि नंतरही, किती वाद झाले ते आपण पाहिलेत. पण ख्रिस्ती कुटुंबांना लागू होणाऱ्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा-मुलगी हा फरकच नाही, दोघांना सारखं. काकांना ते ठाऊक होतं. नोकरीच तसल्या कागदांतली. तरी आक्काला बोलावून “बँकेच्या कर्जाला तुझी एक सही लागते” असं सांगितलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिला एक साडी आणि 5,000 रुपये दिले. तिने वाचलं नाही. धाकटा भाऊ म्हणतोय, वाचायचं काय?

2001 मध्ये तिला कळलं. तिचे मालक नुकतेच वारले होते आणि मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. फीसाठी आपल्या वाट्यातलं थोडं मागायला आली, तेव्हा यांनी तोच कागद पुढे केला. मुलीचं नर्सिंग राहिलं.

“हे मी कुणाला कधी बोललो नाही. दर महिन्याला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर, द्राक्षरस घेत आलोय.”

आता माझ्याकडून काय झालं तेही सांगते. एवढं ऐकल्यावर मी घाईने धीर दिला. देव दयाळू आहे, दार बंद होत नाही, वगैरे. डायरी भरलेली होती म्हणून पुढची वेळ पंधरा दिवसांनी दिली. त्या पंधरा दिवसांत आक्का न्हाणीत पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. साठी-सत्तरीतल्या माणसाला ते किती महागात पडू शकतं, हे हॉस्पिटलच्या आवारात वाढलेल्या मला शिकवायला नको होतं. काकांना बातमी चुलतभावाकडून लागली आणि ते आले ते जवळजवळ सुटल्यासारखे.

“आता अशा अवस्थेत तिला कुठं त्रास द्यायचा? बरी होऊन चालायला लागू दे. मग सवडीनं बघू.”

‘सवड’ हा शब्द ऐकला आणि मीच त्यांचं बायबल ओढून घेतलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 24. ख्रिस्ताचा प्रेषित पौल बंदीत आहे आणि सुभेदार फेलिक्स त्याचं बोलणं ऐकतोय. नीतिमत्त्व, संयम, येणारा न्याय हे विषय निघतात आणि फेलिक्स घाबरतो. पण म्हणतो काय, तर आता जा, सवड झाली की बोलावीन. पुढे त्याने पौलाला पुष्कळदा बोलावलंही, पण लाच मिळेल या आशेने. अशी दोन वर्षं गेली, फेलिक्सच्या जागी दुसरा आला, पौल होता तिथेच.

“फेलिक्सला भीती वाटली होती, काका. तुम्हाला वाटते तेवढीच. तुम्ही म्हणता तशी भावना त्याच्याकडे होती की.”

“मग?”

“वळला नाही.”

इथे मला आपल्या मराठी शब्दाशी थोडं भांडायचंय. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. शब्दच असा की माणूस आतून काही पोळायची वाट बघत बसतो. पोळलं नाही तर म्हणतो, माझा पश्चात्ताप खरा नाही. जुन्या करारातले संदेष्टे यासाठी जो हिब्रू शब्द वापरतात तो ‘शूव’. त्याचा साधा अर्थ, माघारी फिरणे. रस्ता चुकलेला माणूस फिरतो तसा. त्याला रडू येतंय की नाही, हे कुणी विचारत नाही.

आणि सभेत लोकांना घाबरवणाऱ्या उपदेशकांबद्दलही मला राग आहे. आज रात्रीच अपघातात गेलात तर, असं ओरडून चारदोन माणसं पुढे आणता येतात. घाबरून आलेला माणूस भीती ओसरली की जागेवर जाऊन बसतो. काकांनी त्या सभेची हुरहूर चव्वेचाळीस वर्षं जपली. पण तिथे पुढे जाऊन करायचं काय होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

“पण एसाव?” काका त्याच वचनावर परत आले. अडकलेली माणसं येतातच.

“एसावाचा काय संबंध? भावाचा वाटा कुणी घेतला त्या गोष्टीत? फसवून?”

काका माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत ही गोष्ट शिकवलेला माणूस.

“याकोबानं, एसावाच्या धाकट्या भावानं,” अगदी बारीक आवाजात म्हणाले.

एसाव रडला तो गेलेल्या आशीर्वादासाठी. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात ते स्पष्ट आहे. इब्री लोकांस पत्र लिहिणारा त्याचं उदाहरण देतो ते पवित्र गोष्ट कवडीमोलाने टाकून देऊ नका, हे सांगायला. गेलेली प्रत्येक संधी परत येते असं शास्त्र कुठेच म्हणत नाही आणि मीही काकांना तसं म्हटलं नाही. भाचीचं नर्सिंग गेलं ते गेलं. तिची ती वर्षं कुणी आणून देणार नाही. पण आपण ज्या गोष्टीत नाहीच तिच्यात स्वतःला कोंबून, माझ्यासाठी दार बंद म्हणत बसणं, यात एक सोय असते. अजून वेळ आहे म्हणणारा आज काही करत नाही, वेळ गेली म्हणणाराही करत नाही. काका पस्तिशीत पहिलं म्हणत होते, आता दुसरं.

मग आम्ही याकोबाचं वाचलं, सलग, दीड तास. वीस वर्षं सासऱ्याकडे राबल्यावर देव त्याला म्हणतो, आपल्या लोकांकडे माघारी जा. तिथे क्रियापद तेच आहे, शूव. पोचेपर्यंत याकोबाचा जीव थाऱ्यावर नाही. एसाव 400 माणसं घेऊन येतोय असं कळलेलं. तो पुढे जनावरं पाठवतो. ती यादी मी काकांना मोजायला लावली: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, 30 दुभत्या उंटिणी पिलांसकट, 40 गाई, 10 बैल, 20 गाढवी, 10 शिंगरं. पिलं सोडून 550. रात्री एका अनोळखी पुरुषाशी जी झोंबाझोंबी होते तिच्यात मांडीचा सांधा निखळतो आणि सकाळी तो लंगडत भावासमोर उभा राहतो. म्हणतो, तुझं तोंड पाहिलं आणि देवाचं तोंड पाहिल्यासारखं वाटलं.

काका बराच वेळ बोटं मोजत बसले होते. मला वाटलं, काही मोठं बोलणार.

“दोन लाख गुगल पे केले तर?”

मला हसू आवरलं नाही. तेही हसले, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

“याकोबानं जनावरं पुढं पाठवली, पण मागनं स्वतः गेला, काका. लंगडत.”

घरी सांगितल्यावर मुलगा भडकला. जागेवर अपार्टमेंट उठवायचं त्याचं बोलणं चाललं होतं. “जक्कयानं चौपट दिलं म्हणून तुम्ही घर विकणार का?” असं त्याने मलाच फोन करून विचारलं. (जक्कय म्हणजे बायबलमधला जकातदार, फसवून घेतलेलं चौपट परत देईन म्हणणारा.) प्रश्न गैर नव्हता. मी त्याला एवढंच सांगितलं की किती आणि कसं ते वकिलाला विचारा. बक्षीसपत्र करायचं की पैशात द्यायचं, मुद्रांक शुल्क किती, हे माझं काम नाही. पण कागद तयार झाल्यावर वडलांना पाठवू, असं करू नका. कागदाला महिने लागतात. ‘मी तुला फसवलं’ हे वाक्य बोलायला महिने लागत नाहीत आणि ऐकणारी बाई अंथरुणावर आहे.

ही गोष्ट मंगळवारची. बुधवारी सकाळी काकांनी एसटी पकडली. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा. जाताना कऱ्हाडच्या स्टँडवरून मला फोन. इथे उतरून परत फिरावंसं वाटतंय म्हणाले. मी म्हटलं, पाणी प्या आणि गाडीत चढा. प्रार्थना कराल का विचारलं, तर फोनवरच केली, एका वाक्याची. मागे कंडक्टर ओरडत होता, मला माझंच वाक्य नीट ऐकू आलं नाही.

दुपारी चारनंतर पुन्हा फोन, साताऱ्याच्या स्टँडवरून.

“भेटल्या?”

“भेटली. पाय बांधून पडलीय. मी सांगितलं सगळं. कर्जाची सही म्हटलो होतो ते खोटं होतं, इथनं सुरुवात केली.”

“आणि?”

“काही बोलली नाही बराच वेळ. मग म्हणाली, त्या वेळी लागत होतं रे. आता मी काय करू त्याचं?” त्यांचा आवाज थांबला. गाड्यांचे भोंगे तेवढे ऐकू येत होते. “माफ केलं म्हणाली नाही, ताई.”

“तुम्ही विचारलंत?”

“नाही. कुठल्या तोंडानं विचारणार? बसून राहिलो. मग म्हणाली, पुढच्या मंगळवारी ये, पोरीला बोलावून ठेवते, तिच्यासमोर बोल. तिचं गेलंय.”

“मग मंगळवारी जाताय?”

“मंगळवार कशाला? भाची कोरेगावला असते. फोन लावलाय तिला. गाडी लागलीय बघा कोरेगावची, ठेवतो.”