पवित्र दरवाजा वसईत नाही, पण यात्रा वसईतच होते

(हे उत्तर मी नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहिलं, ती ज्युबिली आता ६ जानेवारी २०२६ ला संपली.) ताई, आधी दरवाजाचं बोलतो कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तुम्ही विचारलंय की वसईत २०२५ च्या ज्युबिलीचा, म्हणजे कॅथलिकांच्या पवित्र वर्षाचा, पवित्र दरवाजा (यात्रेकरू ज्यातून आत जातात तो) कुठल्या चर्चला आहे, आईचे गुडघे गेलेत, रोमच्या टूरचा आकडा ऐकून पोटात गोळा आला आणि नोव्हेंबर उजाडला, आता काय करू. तर वसईतच काय, यंदा २०२५ मध्ये रोमबाहेर कुठेच पवित्र दरवाजा नाही. तिथली चार मोठी बॅसिलिका आणि रेबिबियाचा तुरुंग, जिथला दरवाजा पोप फ्रान्सिसनी २६ डिसेंबर २०२४ ला स्वतः जाऊन उघडला, बस. तुमच्या डोक्यात २०१६ आहे. तेव्हा दयेचं वर्ष होतं आणि प्रत्येक डायोसिसमध्ये (बिशपांच्या धर्मप्रांतात) दरवाजे उघडले होते, म्हणून लोक अजून विचारत फिरतात, यंदा दार कुठे यंदा दार कुठे.

दार नाही म्हणून काही अडत नाही. २९ डिसेंबर २०२४ ला जगभरच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये, ज्युबिली सुरू झाली, आणि कॅथेड्रल किंवा बिशपांनी ठरवून दिलेली इतर चर्च ही यात्रेची ठिकाणं. म्हणजे आपल्याला पापडी, वसईचं कॅथेड्रल तिथे आहे. बाकीची नावं तुमच्या पॅरिशच्या ऑफिसात विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या यादीवर जाऊ नका.

आता माझी फजिती सांगतो. फेब्रुवारीत आम्ही आमच्या वाडीतून मिनीबस केली, एका दिवसात सात चर्च. प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, माळेचे दहा मणी म्हणा, चला बसा, मध्ये वडापाव, एकाला बस लागली तो शेवटपर्यंत पुढच्या सीटवर डोळे मिटून. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने विचारलं, कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली) कधी केलंत? बसमधल्या कोणीच केलं नव्हतं! सात चर्च हा नियम कुठून आला ते आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही, बहुतेक रोमच्या सात चर्चच्या जुन्या यात्रेवरून आम्हीच आमच्यावर लादून घेतला.

एकच चर्च पुरतं. तिथे मिस्साला बसा, नाहीतर माळ किंवा क्रूसाची वाट करा, नाहीतर साक्रामेंतासमोर (चर्चमधल्या पवित्र भाकरीसमोर) थोडा वेळ शांत बसा आणि शेवटी आमच्या बापा, विश्वासांगीकार आणि मरियामातेची प्रार्थना म्हणा. यासोबत कन्फेशन, कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना. कन्फेशन त्याच दिवशी व्हायला पाहिजे असं नाही, काही दिवस आधी किंवा नंतर चालतं, आणि एका कन्फेशनवर पुढच्या काही दिवसांचे इंडल्जन्स (यात्रेतून मिळणारी कृपा, खाली सांगतो) निघतात, कम्युनियन मात्र प्रत्येक वेळी हवं. अजून एक अट आहे जी कोणी बोलत नाही, पापाची आसक्ती सुटलेली पाहिजे, अगदी बारीकसारीक पापाचीसुद्धा, आणि खरी अवघड तीच आहे, बाकी सगळं रिक्षाने होतं.

इंडल्जन्स म्हणजे पापाची माफी नाही हे पण धरा, माफी कन्फेशनमध्ये मिळते. मी माझ्या मुलाला असं सांगितलं की तू शेजारच्या वाडीचा बांध फोडलास, काकांनी माफ केलं, तरी केळीत शिरलेलं पाणी काढायचं राहतंच ना? ते पाणी काढायला ख्रिस्तसभा मदतीला उतरते, ते इंडल्जन्स. साधारण दिवसाला एक मिळतो, आणि तो गेलेल्या माणसासाठीही देता येतो. हा महिना मृतांचा, मी माझ्या वडिलांसाठी केला. त्या दिवशी घरून पहाटे चालत निघालो, सव्वा तास लागला, वाटेत अंधारात भाजीच्या टोपल्या घेऊन बायका स्टेशनच्या रिक्षात चढत होत्या आणि एकीने हाक मारून विचारलं, एवढ्या सकाळी कोण वारलं? म्हटलं कोणी नाही, बाबांसाठी चाललोय. तिने टोपली खाली ठेवून क्रूसाची खूण केली. बसच्या सात चर्चमधलं मला आज एक धड आठवत नाही, हे आठवतं.

चालत जाणं सक्तीचं नाही बरं का. पण गास, निर्मळ, भुईगाव पट्ट्यातल्या माणसाला ते जड जाऊ नये. आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाला आणि त्याच्या साथीदारांना जपानमध्ये कान कापून भर हिवाळ्यात क्योतोकडून नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रूसावर मारलं, आणि आपण पापडीला जायला पार्किंग बघतो.

आईचं म्हणाल तर त्यांना घराबाहेर काढायची जबरदस्ती करू नका. आजारी आणि म्हाताऱ्यांना घरूनच मनाने यात्रेत सामील होता येतं, तीच प्रार्थना म्हणायची, आपलं दुखणं अर्पण करायचं. पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन घेऊन येत असतील तर त्यांनाच सांगा, कन्फेशनही तेव्हाच उरकेल. आणि तुमच्यासाठी एक, एकट्या म्हाताऱ्या माणसाला किंवा आजाऱ्याला जाऊन वेळ देणं ही पण या वर्षी यात्राच धरली आहे, तेव्हा आईपाशी बसता ते वाया जात नाहीये. आठवड्यातून एक दिवस मोबाईल आणि फालतू खर्च बंद ठेवणं हेही त्याच यादीत आहे, ते मला तीन आठवडे जमलं, चौथ्या आठवड्यात क्रिकेट होतं.

तारीख लक्षात ठेवा, डायोसिसमध्ये २८ डिसेंबर २०२५ ला संपतं, रोममध्ये ६ जानेवारी २०२६ ला फ्रान्सिसनंतरचे पोप लिओ दरवाजा बंद करतील. (ज्युबिली एका पोपच्या काळात सुरू होऊन दुसऱ्याच्या काळात संपायची वेळ याआधी १७०० मध्ये आली होती.) नाताळच्या आधी कन्फेशनला मरणाची लाईन असते, म्हणून याच महिन्यात मधल्या वारी जा, आणि फादर कधी बसतात ते आधी फोन करून विचारा.